बाराला धरा, सहाला धरा

वसईत जीप बाळगणारी माणसं दोन प्रकारची. पहिल्याला कुठेतरी जायचं असतं, म्हणून तो जीप ठेवतो. अर्नाळ्याच्या वाळूत रुतलेला टेम्पो ओढून काढ, भुईगावच्या वाडीतून केळीचे घड उचल, पावसाळ्यात चिंचोटीकडचा चिखल तुडव, अशी त्याची कामं. दुसऱ्याला कुठेही जायचं नसतं. त्याला चाक उतरवायचं असतं. चाक उतरवायला गाडी लागते, आणि फोर-व्हील गाडीचं पुढचं चाक उतरवण्यात जे सुख आहे ते साध्या गाडीत नाही, म्हणून तो जीप ठेवतो.

नाना या दुसऱ्या प्रकारातले. आगाशीपासून सांडोरपर्यंत गावागावात असे एकेक नाना सापडतात. कुठे त्यांना अंकल म्हणतात, कुठे आजोबा, कुठे नुसतंच 'जीपवाले'. अंगावर बाहीला ग्रीस लागलेला शर्ट, खिशात फडकं, आणि बोलता बोलता मध्येच मान तिरकी करून रस्त्याकडे कान लावायची सवय. आपण घरातलं आजारपण सांगत असतो, नाना 'हं, हं' म्हणत असतात, आणि आपण संपवल्यावर म्हणतात, "आत्ता गेली ना रिक्षा, तिचं पुढचं बेअरिंग आठ दिवस काढणार नाही."

आमचे नाना रेल्वेच्या लोअर परळ वर्कशॉपमधून निवृत्त झाले. डब्यांच्या चाकांशी त्यांची उभी नोकरी गेली. रेल्वेत ॲक्सलचं बेअरिंग तापलं की त्याला 'हॉट ॲक्सल' म्हणतात, आणि हॉट ॲक्सल निघालं की वाटेतच डबा गाडीतून काढून बाजूला ठेवतात. निवृत्तीच्या दिवशी लोक शाल, श्रीफळ आणि घड्याळ घेऊन घरी येतात. नाना तापलेल्या बेअरिंगची धास्ती घेऊन आले. तेव्हापासून जीप फाटकात शिरली की ते आधी चप्पल काढत नाहीत. चारही चाकांपाशी वाकून हबला हाताची मागची बाजू लावतात. मग घरात जातात. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, एकदा मलेरिया झाला होता, तेव्हा ताप बघायला मात्र थर्मामीटर शोधावा लागला.

जीप म्हणजे उंच बॉनेटची सीजे-३बी. बॉनेट उंच, कारण आतलं हरिकेन इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच आणि त्याला झाकायला दुसरा उपाय नव्हता. अमेरिकेत विलिजने ही गाडी १९५३ साली काढली आणि १९६८ साली बंद केली. आपल्या महिंद्रांनी मात्र ती पुढेही काढली. नानांकडे नवखा माणूस आला की त्याला महिंद्रांचा इतिहास ऐकावा लागतो. १९४५ साली कंपनी निघाली ती 'महिंद्र अँड महंमद' या नावाने. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ साली कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. नाना हे सांगून शेवटी म्हणतात, "गव्हर्नर जनरल झाला खरा, पण जीप इकडेच राहिली ना!"

आता पुढच्या चाकाचं सुख काय ते सांगतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाडीत पुढचं चाक नुसतं फिरतं. टोपी काढा, पिन काढा, नट काढा, बेअरिंग हातात. फोर-व्हीलमध्ये त्याच चाकाने वजन घ्यायचं, वळायचं आणि वर गाडी ओढायचीही. त्यामुळे स्पिंडल पोकळ, त्याच्यातून शाफ्ट आरपार गेलेला, शाफ्टच्या टोकाला फ्लँज, आणि तो फ्लँज हबला बोल्टांनी आवळलेला. म्हणजे बेअरिंगपर्यंत पोचायला टोपी, सर्क्लिप, फ्लँज, बाहेरचा नट, कडा वाकवलेला लॉक-वायसर, आतला नट, एवढे मुक्काम. प्रत्येक मुक्कामाला वेगळा पाना. आतल्या नटाचा पाना तर इतका मोठा की तो नानांशिवाय वसईत फारच थोड्यांकडे आहे, आणि तो उसना मागणाऱ्याला नाना आधी तोंडी परीक्षेला बसवतात.

पण चाक उतरवायला आधी कारण लागतं, आणि कारण मिळवण्यासाठी नाना फेरी काढतात. नानांच्या जीपमध्ये बसायला भाडं नाही. बोलायला बंदी आहे. माणसं जागेनुसार बसवायची. डावा कान चांगला असलेला डावीकडे, उजवा असलेला उजवीकडे. पापडीपासून निघून निर्मळच्या दिशेने जरा सरळ रस्ता लागला की नाना गाडी हलकेच डावी-उजवी झुलवतात. शास्त्र असं की उजवीकडे वळलं की भार डाव्या चाकावर येतो. घरघर वाढली तर दोष डाव्यात, कमी झाली तर उजव्यात. "कुठून येतोय?" नाना पुढे बघत विचारतात. "डावीकडून," एक म्हणतो. "उजवीकडून," दुसरा म्हणतो. तिसऱ्याला उलटी येत असते, पण नाना ते मत धरत नाहीत.

एकदा अंबाडी रोडला रात्री नाकाबंदी होती. झुलत येणारी जीप बघून हवालदाराने साहजिकच थांबवली आणि यंत्र पुढे केलं. "फुंका."

"फुंकतो," नाना म्हणाले, "पण आधी तुम्ही बसा."

"कुठे?"

"इथे, डावीकडे. दोनच मिनिटं."

हवालदार का बसला हे त्यालाही सांगता येणार नाही. नानांच्या आवाजात वर्कशॉपच्या चार्जमनचा दरारा आहे. चौक ओलांडून जीप गेली, झुलली आणि परत आली. हवालदार उतरला, यंत्र खिशात घातलं आणि साहेबांना म्हणाला, "दारू नाही साहेब, डावं बेअरिंग आहे."

नानांवर अन्याय नको. ते आवाजावर लगेच विश्वास ठेवत नाहीत. टायर झिजून उंच-सखल झाला तरी तसाच घूं-घूं आवाज येतो, आणि त्यापायी पुष्कळांनी चांगली बेअरिंग फेकून दिली आहेत. डांबरावर आणि सिमेंटवर आवाज बदलला तर टायर. दोन्हीकडे सारखाच राहिला तर बेअरिंग. वसईत डांबर आणि सिमेंट गल्लोगल्ली बदलतं, त्यामुळे या परीक्षेला लांब जावं लागत नाही.

खरी परीक्षा अंगणात होते. जॅक लावायचा, खाली घोडी सरकवायची (नुसत्या जॅकवर गाडी ठेवणाऱ्याशी नाना बोलणं टाकतात), आणि चाक घड्याळाच्या बाराला आणि सहाला धरून हलवायचं. डगडगलं तर प्ले आहे. पण प्ले बेअरिंगचा की चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचा? त्यासाठी कुणीतरी आत बसून ब्रेक दाबायचा. ब्रेक दाबल्यावर डगडग थांबली तर बेअरिंग. चालूच राहिली तर दुखणं मागे, किंगपिनमध्ये. या एका कारणाने नानांना सदैव माणूस लागतो. वीजबिल टाकणारा, पोस्टमन, वर्गणी मागायला आलेली गणपती मंडळाची पोरं, सगळ्यांनी तो ब्रेक दाबला आहे. मी तर शाळेत असल्यापासून दाबतो आहे. माझ्या उजव्या पायाचं वळण त्यातलंच, असं आमच्या घरी मानतात.

नानांच्या मुलीला बघायला स्थळ आलं, तेव्हा जीप घोडीवर होती. मुलगा चांगला, पालघरला नोकरी, आईवडील सज्जन. कांदेपोहे यायला अवकाश होता. नाना बाहेरूनच म्हणाले, "जरा येता का?" मुलगा गेला. "बसा. दाबा. सोडा. दाबा. धरून ठेवा." बराच वेळ बाहेरून फक्त 'दाबा-सोडा' ऐकू येत होतं. पोहे निवले. शेवटी नाना हात पुसत आत आले आणि काकूंना म्हणाले, "देऊन टाक. का दाबायचं, हे एकदाही विचारलं नाही त्याने." लग्न झालं. जावई आजही सणाला येतो तेव्हा कपड्यांचा एक जुना जोड आणतो.

चाक उतरलं की काकूंची परात लागते. ही परात पूर्वी पिठाची होती. नानांनी ती रॉकेलसाठी घेतली. काकूंनी दुसरी आणली. रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा नाना डिझेलवर आले आणि 'डिझेलचा वास वेगळा' म्हणून दुसरीही गेली. परातीत बेअरिंग धुवायचं, फडक्यावर वाळवायचं, आणि चष्मा कपाळावर ढकलून बघायचं. रोलर निळसर पडले असतील तर तापून गेलेत. कपात, म्हणजे बाहेरच्या कड्यात, खड्डे असतील तर सरळ बदला. ग्रीस दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, ऑइल सील गेलं. बदलताना कोन, म्हणजे रोलरांसकटचा आतला भाग, आणि कप दोन्ही बदलायचे. जुन्या कपात नवा कोन घालणं नानांच्या लेखी पाप आहे. "त्या दोघांचं घासून घासून जमलेलं असतं," ते म्हणतात. "मध्येच तिसरा आणला की दोघंही जातात." काकू आतून म्हणतात, "पराती मात्र तिसरी चालू आहे."

जुना कप हबमधून काढायला पितळेचा दट्ट्या. पितळ मऊ, म्हणून मार पितळ खातं आणि हब वाचतो. नवा कप बसवायच्या आदल्या रात्री तो फ्रीजरमध्ये, म्हणजे थंडीने किंचित आकसतो आणि विनातक्रार बसतो. नानांच्या घरी पाहुण्याने सरबतात बर्फ मागू नये. फ्रीजरमध्ये बोंबलाच्या डब्याशेजारी पॉलिथिनच्या पिशवीत पोलादी कडी असतात आणि काकू घाईत काय उचलतील याचा नेम नाही. मग ग्रीस. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि उजव्या हातातलं बेअरिंग त्याच्या कडेवर दाबत राहायचं, ग्रीस एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने रोलरांमधून वर येईपर्यंत. बोटाने वरून फासणाऱ्याला नाना 'लोणी लावणारा' म्हणतात. हे काम चालू असताना नानांशी कुणी हात मिळवायला गेलं, तर नाना मिळवतात. चूक त्याची असते.

नव्या बेअरिंगसाठी नाना मुंबईला जातात. ते घरबसल्याही येतं, हे मुलाने त्यांना पुष्कळदा सांगितलं आहे. पण डबा असली आणि आतला माल नकली, हा धंदा नानांना ठाऊक आहे. म्हणून मरीन लाइन्सला उतरून, क्रॉफर्ड मार्केट ओलांडून, नागदेवी स्ट्रीट. तिथे दुकानदाराला ते गाडीचं नाव सांगतच नाहीत. "अठरा पाचशे नव्वद आणि अठरा पाचशे वीस," म्हणतात. १८५९० हा कोनाचा नंबर, १८५२० कपाचा. काकूंच्या वाढदिवसाची नानांना दरवर्षी आठवण करून द्यावी लागते. दुकानदार माल पुढे ठेवतो. नाना कोरलेली अक्षरं नखाने तपासतात, फिरवतात, कानाला लावतात. दुकानदार कंटाळून विचारतो, "चाचा, लेना है क्या?" यावर नाना त्याला हेन्री टिमकेनची गोष्ट सांगतात. हा टिमकेन सेंट लुइसचा बग्ग्या बनवणारा. वळणावर चाकावर बाजूने जो रेटा येतो तो साध्या बेअरिंगला सोसत नाही, हे ओळखून त्याने निमुळत्या रोलरचं बेअरिंग काढलं आणि १८९८ साली पेटंट घेतलं. नानांचे आजोबा बैलगाडीतून वसई स्टेशनवर भाजी पोचवत. गाडीखाली वंगणाचा नळा लोंबत असे. टिमकेनही मूळचा गाडीवालाच, त्यामुळे नाना त्याला घरातला समजतात.

परतीच्या विरार फास्टमध्ये बेअरिंग जेवणाच्या डब्यात. कागदी खोक्याचा गर्दीत चुरा होतो. डब्याला काही होत नाही. एकदा कुणाचा तरी डब्याला धक्का लागला आणि आत खणखणलं.

"नाना, काय आहे डब्यात?"

"कोन आणि कप."

"अहो, मग विरारपर्यंत वितळेल ना!"

नाना बोरिवलीपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.

वसईत नानांना एकच प्रतिस्पर्धी: वालीवचा उस्ताद. हायवेवर ट्रकांची रांग, उस्तादला वेळ नाही. तो नट आवळतो, हातोडीचा एक शेवटचा ठोका देतो आणि म्हणतो, "नट टाइट, गाडी राइट." नानांचा यावर जीव जळतो. नियम साधा आहे. चाक हाताने फिरवत फिरवत आतला नट आवळायचा, चाक अडेपर्यंत. मग एक षष्ठांश फेरा मागे घ्यायचा. नटाला बाजू सहा, म्हणजे एक बाजू सैल. मग लॉक-वायसर, बाहेरचा नट, वायसरची कड वाकवायची. जास्त आवळलं तर बेअरिंग तापतं, सैल राहिलं तर चाक डगडगतं आणि सील खातं. हा वाद उस्तादच्या दारात चालला की मागे चार ट्रकवाले भोंगे वाजवतात. उस्ताद म्हणतो, "नाना, एक बाजू सैल सोडायला मला पगार नाही." नाना म्हणतात, "तू सोडत नाहीस म्हणून तर तुझ्याकडे गिऱ्हाईक परत येतं." उस्ताद म्हणतो, "मग? धंदा बंद करू?"

हाच नियम नानांनी संसारालाही लावला, असं ते सांगतात. मुलांचा अभ्यास, घरखर्च, वाडीचा हिशेब: आधी आवळायचं, मग एक बाजू सैल. काकूंचं म्हणणं वेगळं आहे. "यांनी सगळं आवळलं," त्या म्हणतात. "सैल सोडायची बाजू माझ्याकडे होती."

एवढं सगळं करून जीप कधी फोर-व्हीलमध्ये टाकतात का? नाही. वाळूत नेली तर खारं पाणी लागेल, चिखलात नेली तर सीलमध्ये माती जाईल. फोर-व्हीलचा दांडा महिन्यातून एकदा अंगणात पुढे-मागे करतात, जाम होऊ नये म्हणून.

ती एकदाच खऱ्या अर्थाने चालली, २०१८च्या जुलैत. तो पाऊस वसईकर विसरणार नाहीत. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली, लोकल बंद, वीज गेलेली, मिठागरातली वस्ती पाण्याने वेढलेली. शेजारच्या आजींचं डायलिसिस चुकलं होतं आणि अंबाडी रोडच्या अंगाला हॉस्पिटलात नेणारी एकही गाडी गावात नव्हती. सगळे नानांच्या दारात. नाना काही न बोलता उठले, दांडा टाकला, आजींना पुढे बसवलं, आजींचा मुलगा आणि मी मागे. दोन किलोमीटर ठीक गेलं. पुढे रस्त्याच्या जागी पाणीच पाणी. नानांनी काठावर गाडी थांबवली, उतरले आणि हबला हात लावला.

"दहा मिनिटं थांबू," ते म्हणाले.

"नाना, आईला..."

"हब गरम आहे. गरम हब गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी ओढून घेते. निवू दे."

हे शास्त्र शंभर टक्के खरं आहे. पण ते शास्त्र, मागे रडकुंडीला आलेला मुलगा, पुढे आजी आणि वर धो धो पाऊस, यांचा मेळ बसत नव्हता. मुलगा ओरडणार तेवढ्यात आजीच म्हणाल्या, "थांब रे. तापलंय म्हणतोय ना तो. माझी किडनी तशीच गेली, कुणी वेळेवर थांबलंच नाही."

मग गेलो. पाणी हबच्या वर, नंबराच्या पाटीच्या वर. गाडी दमदार चालली. चारही चाकं ओढत होती. आजी नाव घेत होत्या देवाचं, मुलगा आईचं, आणि नाना सीलचं. हॉस्पिटलच्या दारात उतरताना आजींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. नाना म्हणाले, "आजी, उतरताना डावीकडून उतरा, उजव्या फूटबोर्डचा बोल्ट ढिला आहे."

पाणी ओसरलं. सगळी वसई गाद्या वाळत घालत होती. नानांच्या अंगणात चारही चाकं उतरलेली, चार परातींत चार हब, ग्रीस चारही ठिकाणी दुधाळ. (चौथी परात आजींकडची.) आजींचा मुलगा नारळ आणि पेढे घेऊन आभार मानायला आला. नानांनी नारळ बाजूला ठेवला आणि म्हणाले, "बरं झालं आलास. बस. दाब."

त्या पंधरवड्यात पाण्यातून गेलेली प्रत्येक गाडी घरघरायला लागली. वालीवच्या उस्तादला झोपायला वेळ नव्हता, आणि त्याने स्वतः निरोप पाठवला: नानांकडचा मोठा पाना मिळेल का? नानांनी दिला. तोंडी परीक्षा घेतली नाही. मात्र पान्याच्या दांड्याला चिठ्ठी बांधली: 'एक बाजू सैल.'

आता नानांच्या मुलाने नवी एसयूव्ही घेतली आहे. फोर-व्हील, चकचकीत, एव्हरशाइनच्या इमारतीखाली उभी. गेल्या पावसाळ्यानंतर तिचं पुढचं उजवं चाक बोलायला लागलं. नानांनी फेरी मारली, झुलवली, डांबर-सिमेंट केलं, बाराला-सहाला धरलं, आणि निकाल दिला. मग पाने घेऊन बसले आणि थांबले. नव्या गाडीत हब सीलबंद. ग्रीस आत कंपनीत भरलेलं, नट आवळायचा तो ठरलेल्या मापाने, सैल सोडायची बाजूच नाही. बिघडलं की अख्खा हब बोल्टांसकट बदला. "उघडत नाही?" नानांनी मुलाला तीनदा विचारलं. "उघडतच नाही?"

सर्व्हिस सेंटरमध्ये हब बदलला. नानांनी जुना हब मागून घेतला आणि रिक्षाने वालीव गाठलं. उस्ताद हातातलं काम टाकून आला. दोघांनी तो हब व्हाइसमध्ये धरला, ग्राइंडर लावला, ठिणग्या उडाल्या, आणि तासाभराने तो उघडला. आत छर्रे, दोन ओळींत. उस्तादने एक बोटावर घेऊन फिरवला. नानांनी ग्रीस चिमटीत घेऊन बघितलं.

"ग्रीस बरं आहे," नाना म्हणाले.

"सील गेलंय," उस्ताद म्हणाला. "वेळेवर उघडता आलं असतं तर अजून चाललं असतं."

"चाललं असतं."

उस्तादच्या आणि नानांच्या एकमताचा हा पहिलाच प्रसंग. दोघांनी त्यावर चहा घेतला, आणि मागे भोंगे वाजवणाऱ्या ट्रकवाल्यांनाही पाजला.

संध्याकाळी नाना कापलेला हब फडक्यात गुंडाळून घरी आले. काकू दारातच होत्या.

"एवढा कापून काय निघालं आतून?"

"बेअरिंग," नाना म्हणाले. "परात कुठे आहे?"

काकूंनी परात सकाळीच मुलीकडे पाठवून दिली होती.